आधी सा, मग तार

गणपतीचे दिवस होते. पेणच्या खारेपाटातल्या एका गावात रात्रीच्या भजनाला मी गिटार घेऊन साथीला बसलो होतो. बुवांनी पेटीवर बोट ठेवून पट्टी सांगितली, काळी चार. माझं वाद्य पांढरी दोनमध्ये लावलेलं, म्हणजे सा डीवर. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून सहा स्वर वर जायचं होतं. तारा जाड आहेत, सोसतील, असं मनाशी म्हणत मी खुंट्या पिळत गेलो. पाचव्या स्वराला तार किंचाळायला लागली होती. सहाव्याला ती तुटली आणि तिचं टोक मनगटावर बसलं. बुवा गजर न थांबवता माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "मास्तर, तार जाऊ द्या, सूर धरा." उरलेल्या पाच तारांवर मी ती बारी काढली.

हे पुस्तक त्या रात्रीतून निघालं. घरी आल्यावर मी हिशेब मांडला. स्वर एक सप्तक चढला तर तारेवरचा ताण चौपट होतो. अर्धं सप्तक, म्हणजे सहा स्वर चढला तर बरोबर दुप्पट. माझी पहिली तार सोळा हजारांश इंच जाडीची होती आणि घोडीपासून मानेवरच्या पट्टीपर्यंतची लांबी ६३.५ सेंटिमीटर. डीवर असताना ती तार सुमारे साडेचौदा किलोचा ताण घेऊन बसलेली असते. मी तिला एकोणतीस किलोपर्यंत ओढलं होतं. जाड तार ओढायला जड जाते म्हणून ती जास्त सोसते, हा माझा समज मुळातच चुकीचा होता. जाडी वाढली की ताकद वाढते हे खरं, पण त्याच स्वराला लागणारा ताणही तितक्याच पटीने वाढतो. म्हणून लांबी कायम असेल तर पोलादी तार कोणत्या स्वरावर तुटणार हे तिच्या जाडीवर अवलंबून नसतं. साडेत्रेसष्ट सेंटिमीटरला ती मर्यादा वरच्या जी-जी शार्पच्या आसपास येते, आणि काळी चार म्हणजे जी शार्पच. बारा हजारांशची तार लावली असती तरी ती तिथेच गेली असती.

ही साधी गोष्ट मला वीस वर्षं वाजवूनही ठाऊक नव्हती, आणि सांगणारंही कोणी भेटलं नव्हतं. म्हणून लिहायला बसलो.

आधी वाद्याची ओळख. रेझोनेटर गिटार आपल्याकडे अजून दुर्मीळ आहे, आणि पुष्कळांना तिच्या पोटावरची गोल जाळी ही शोभेची झाकणी वाटते. त्या झाकणीखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा शंकू असतो. आमच्या घरांत ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनची परात. त्या परातीचा पत्रा कागदाइतका पातळ करून त्याचा भोंगा केला आणि तारांचा सगळा दाब त्याच्या टोकावर टेकवला, तर जे होईल ते म्हणजे हे वाद्य. लाकडी गिटारीत लाकडाची फळी थरथरते, इथे जर्मन थरथरतं. लॉस एंजेलिसमध्ये जॉन डोपियेरा या स्लोव्हाक कारागिराने १९२७ मध्ये तीन शंकूंची पहिली गिटार बाजारात आणली. विजेवरचं ध्वनिवर्धन तेव्हा वादकांच्या हाती आलं नव्हतं, आणि नाचाच्या बँडमधल्या पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकूच येत नसे. पुढच्याच वर्षी डोपियेरा बंधूंनी वेगळं दुकान थाटून एकाच उलट्या शंकूची डोब्रो काढली. नावात 'डोपियेरा ब्रदर्स' आहेत आणि स्लोव्हाक भाषेत त्याचा अर्थ 'चांगलं' असाही होतो.

पखवाज आणि दहा-बारा जोड झांजा यांच्या मधे बसून मी कोलकात्याची साधी हवाईयन गिटार अनेक वर्षं वाजवली. ती मलाच ऐकू येत नसे. म्हणून शंकूचं वाद्य हाती आलं तेव्हा डोपियेराला पडलेला प्रश्न मला परका वाटला नाही.

गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवर पोलादी कांब सरकवण्याची रीत हवाई बेटांतली. जोसेफ केकुकू या तरुणाचं नाव तिच्याशी जोडलं जातं. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हवाईयन कलाकारांचे ताफे हिंदुस्थानात येऊन गेले, टाऊ मो यांचं कुटुंब तर चाळीसच्या दशकात कोलकात्यात राहिलं. मुंबईत व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांच्या गिटारीवर चित्रपटातली गाणी वाजली, तबकड्या निघाल्या, आणि घराघरांतल्या रेडिओवर तो लांबट, गळ्यातून आल्यासारखा आवाज ओळखीचा झाला. मग ब्रिजभूषण काब्रांनी या वाद्यावर आलापी मांडली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची त्यांची १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐकूनच मी या वाद्याकडे वळलो. विश्वमोहन भट्टांनी तरफा जोडून मोहनवीणा घडवली. राय कूडरबरोबरच्या त्यांच्या ध्वनिमुद्रणाला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाली, आणि मग गिटारवर राग वाजतो का हा प्रश्न कोणी विचारेनासं झालं.

वाजतो हे ठरलं. पण तारा कशा लावायच्या हे प्रत्येकाने आपापल्या गुरूकडून, नाहीतर ठेचा खाऊन शिकायचं, असंच चालत आलं आहे. जी पुस्तकं मिळतात ती इंग्रजी स्वरनावांत असतात. त्यांत 'ओपन डी' म्हणून सहा अक्षरं छापलेली असतात, डी ए डी एफ-शार्प ए डी. पेटीवर शिकलेल्या माणसाला त्यातून काही दिसत नाही. तीच अक्षरं आपल्या भाषेत वाचा. जाड तारेकडून बारीककडे: सा प सा ग प सा. एका क्षणात लक्षात येतं की हा तंबोराच आहे, फक्त त्याच्या पोटात एक गंधार ठेवला आहे. 'ओपन जी' म्हणजे प सा प सा ग प. डोब्रोवाल्यांची नेहमीची जुळणी म्हणजे सा ग प सा ग प, तीच तीन स्वरांची ओळ दोन सप्तकांत. या पुस्तकात सगळ्या जुळण्या अशाच सरगममध्ये लिहिल्या आहेत, आणि प्रत्येकीपुढे पट्टी पेटीच्या भाषेत दिली आहे: काळी एक, पांढरी दोन, काळी चार. ज्याला इंग्रजी नावं हवीत त्याच्यासाठी ती खाली बारीक अक्षरात आहेत.

नेहमीच्या गिटारीवरून 'सा प सा ग प सा'कडे येताना एकही तार चढवावी लागत नाही, चार उतरतात आणि दोन जागेवर राहतात. 'प सा प सा ग प'चंही तसंच, तिथे तीन उतरतात. म्हणून नवशिक्याने इथून सुरुवात करावी, वाद्याला धोका नाही. डोब्रोच्या जुळणीत मात्र सहावी तार तीन स्वर चढते आणि पाचवी दोन. साध्या संचाच्याच तारा ठेवल्या तर सहावीवरचा ताण चाळीस टक्क्यांनी वाढतो. ती जुळणी चौकोनी, जाड मानेच्या वाद्यासाठी आणि तिच्यासाठी वेगळ्या मापाने बनवलेल्या तारांसाठी आहे. गोल मानेच्या गिटारीवर ती लावून मान वाकवून आणलेली वाद्यं मी दुरुस्तीला आलेली पाहिली आहेत. त्यातली काही सरळ झाली नाहीत.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे पट्टी वाद्य ठरवत नाही, गळा ठरवतो. अमेरिकेतला वादक गिटार जीमध्ये लावतो आणि गाणारा तिच्याशी जुळवून घेतो. आमचे भजनी बुवा जुळवून घेत नाहीत, आणि त्यांनी घेऊही नये. पेणच्या गणपतीत काळी चार, रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते त्या दिवसांत आणखी कोणाची काळी एक, घरी एखादी विद्यार्थिनी काळी पाचला गाते. या तिघांसाठी एकच संच लावून खुंट्या पिळत बसणं म्हणजे माझी ती खारेपाटातली रात्र पुन्हा पुन्हा काढणं. म्हणून आधी सा कुठे आहे ते ठरवायचं, मग तो कोणत्या तारेवर ठेवायचा ते, आणि सगळ्यात शेवटी तारेची जाडी.

काळी चारचंच घ्या. त्या रात्री मी सा पहिल्या तारेवर ठेवायचा हट्ट धरला होता. 'प सा प सा ग प' ही जुळणी घेतली असती तर सा तिसऱ्या आणि पाचव्या तारेवर, जीवर असता, आणि काळी चारसाठी सगळं वाद्य एकच स्वर चढवावं लागलं असतं. ताण शंभराला बाराने वाढला असता, दुप्पट नव्हे. तेवढाही नको असेल तर जाडी शंभराला सहाने कमी करायची, सोळाच्या जागी पंधरा हजारांश. काळी पाचसाठी मी उलट दिशेने जातो: 'सा प सा ग प सा' चार स्वर खाली उतरवतो. पण मग तारा ढिल्या पडतात, कांबेच्या वजनाने खाली झुकतात आणि स्वर डळमळतो. तिथे जाडी वाढवायची, दर स्वराला शंभरी सहा या हिशेबाने चार स्वरांना पाव पट, म्हणजे सोळाची वीस. एवढं एक सूत्र पाठ झालं तरी या पुस्तकातले निम्मे तक्ते उघडावे लागणार नाहीत. सूत्र माझं नाही. ताण, लांबी, वजन आणि स्वर यांचं नातं मेर्सेन या फ्रेंच पाद्र्याने १६३६ च्या ग्रंथात मांडून ठेवलं आहे.

शंकूलाही तारांच्या दाबाची गरज असते, हे लाकडी गिटारवरून आलेल्यांना नवं वाटेल. शंकू आपल्या कडेवर नुसता टेकलेला असतो, तारांच्या दाबानेच तो जागेवर बसतो. बारापासून सुरू होणारा हलका संच लावून वर स्वरही उतरवला, की दाब अपुरा पडतो आणि शंकू भांड्यासारखा खणखणतो. लोक मग वाद्य बिघडलं समजून उघडतात. फार जाड तारा ताणून बसवल्या तर शंकूचं टोक हळूहळू आत खचतं, आणि खचलेला शंकू पुन्हा पूर्वीसारखा बोलत नाही. सोळा ते छप्पन हजारांश हा कांबेने वाजवायच्या वाद्यांचा रुळलेला संच या दोन टोकांच्या मधला आहे. तिथून थोडं इकडे, थोडं तिकडे, एवढंच आपल्या हातात आहे.

तारा मिळवायच्या कुठून, हा पेण-रोह्याचा नेहमीचा प्रश्न. मुंबईला धोबी तलावला जावं, हे उत्तर मलाही माहीत आहे, पण उद्या संध्याकाळी बारी असेल तर रोह्याहून दिवा गाडीत बसून एका तारेसाठी दिवस घालवणं परवडत नाही. अशा वेळी सतारीची, तंबोऱ्याची सुटी तार कामाला येते. ती रिळावर मिळते, पोलाद चांगलं असतं. इथे एक गोंधळ होतो आणि त्यात पैसे जातात. गिटारीच्या तारेवरचा आकडा जाडी सांगतो: सोळा म्हणजे सोळा हजारांश, आकडा मोठा तर तार जाड. सतारीच्या तारेचा नंबर जुन्या ब्रिटिश तारमापाचा असतो आणि तो उलटा चालतो, नंबर मोठा तर तार बारीक. २७ नंबर म्हणजे सोळा हजारांशच्या किंचित वर. २५ म्हणजे बरोबर वीस. २८ म्हणजे पंधराच्या जरा आत. ३० म्हणजे साधारण साडेबारा. वर सांगितलेल्या तिन्ही पट्ट्यांची पहिली तार या तीन-चार रिळांत बसते. रिळाच्या तारेला शेवटी मणी नसतो, म्हणून तुटलेल्या गिटार-तारेचा पितळी मणी काढून ठेवायचा आणि त्याभोवती नव्या तारेचा पीळ द्यायचा. हळदीच्या मांडवात बेंजोवाल्यांना हे काम डोळे मिटून करताना मी पाहिलं आहे, मी शिकलो तेही त्यांच्याकडूनच.

रीळ आणि नंबर यांच्या निमित्ताने मी मिरजेला गेलो, आणि पुस्तकाचं एक आख्खं प्रकरण तिथे वाढलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिरजेच्या शिकलगारांनी, हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यांनी, तंतुवाद्यं घडवायला घेतली. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव त्यात पहिलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, आणि ते स्वतः वाद्यं दुरुस्त करत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी निवृत्तीनंतर श्रुतींची मोजदाद करायला घेतली तेव्हा त्यांनी आधाराला घेतला तो खाँसाहेबांचा गळा. देवलांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये निघालं. त्यांच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले, आणि बावीसच्या बावीस जागा आकड्यांत पकडता येतात असं मलाही वाटत नाही. पण सरकारी नोकरी करून आलेला एक माणूस तार मोजायची पट्टी घेऊन गवयासमोर बसतो, आणि कान सांगतो ते मापात उतरतं का हे पाहतो, या चित्राबद्दल मला मनापासून आदर आहे. आपल्या मुलखात तारेचा असा अभ्यास झाला होता, हे आपल्या गिटार शिकणाऱ्या मुलांना कळायला हवं.

त्या अभ्यासाचा आमच्या वाद्याशी थेट संबंध आहे, आणि तो त्या पोटातल्या गंधारात आहे. ट्यूनरची सुई जो गंधार दाखवते तो पेटीचा गंधार. तंबोऱ्याचा खर्ज नीट लागला की त्यातून आपोआप उमटणारा गंधार त्याहून किंचित खाली असतो, एका स्वराचे शंभर भाग केले तर चौदा भागांनी. पडद्यांवर बोटं दाबून वाजवणाऱ्याला हा फरक पाळता येत नाही. कांबेने वाजवणाऱ्याला येतो, कारण त्याच्या वाद्यावरचे पडदे नुसत्या खुणा आहेत. म्हणून माझी विनंती अशी: ट्यूनर फक्त सासाठी वापरा. मग सहावी तार छेडा, कान शंकूजवळ न्या, आणि ती स्वतः जो गंधार गाते त्याला तिसरी तार जुळवा. जर्मनचा शंकू वरचे स्वर फार स्वच्छ उचलतो. जवारी नसतानाही तो गंधार इथे सापडतो. तंबोऱ्यात जवारी आणि जीव यांनी हे स्वर कसे जागे होतात ते भौतिकशास्त्रज्ञ रामन यांनी १९२१ मध्येच लिहून ठेवलं आहे. आपल्या गिटारीची घोडी मात्र अरुंद लाकडी फळीची, तिथे ती सोय नाही, तिथे शंकूवर आणि कानावरच भिस्त.

हा गंधार कधी कधी अडथळाही होतो. सारंगात गंधार नाही. भैरवीत तो कोमल. मालकंसात तर पंचमही नाही, आणि सा प सा ग प सा लावून मालकंस वाजवणं म्हणजे दाराशी आलेल्या पाहुण्याला दुसऱ्याच्या नावाने हाक मारणं. माझ्या मालकंसासाठी दोन्ही पंचम दोन-दोन स्वर उतरून मध्यमावर येतात, गंधार एक स्वर उतरून कोमल होतो: सा म सा ग म सा. तीन तारा ढिल्या पडतात, म्हणून त्या तीन एक-एक माप जाड ठेवायच्या. मिसिसिपीच्या स्किप जेम्सने १९३१ च्या ध्वनिमुद्रणांत याच तिसऱ्या तारेचा गंधार उतरवून आपली अख्खी गाणी बांधली होती. कुठला कोण तो माणूस, पण तार उतरवताना त्याच्याही हाताने हाच पीळ दिला असणार, या विचाराने मला आजही बरं वाटतं. सारंगासाठी मी गंधार उतरवून रिषभावर आणतो. याबद्दल मतभेद आहेत. काही वादक ती तार सावर आणून जोड करतात, तेही कानाला चांगलं लागतं.

शेवटचं प्रकरण पावसाळ्यावर आहे आणि ते मी सगळ्यात मन लावून लिहिलं. गिटारवरची पुस्तकं कोरड्या देशांत लिहिली जातात. आमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पेणच्या बाजूला धरमतरची खाडी आणि मिठागरं, रोह्याला कुंडलिकेवरचं धुकं. साधी पोलादी तार आषाढात लावली तर श्रावणात तिच्यावर तांबूस ठिपके दिसतात. गंजलेली तार आधी स्वर सोडते, मग तुटते. कांब सरकवताना त्या ठिपक्यांवर ती अडखळते आणि मिंड फाटते. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसणं, वाद्य भिंतीला न टेकवणं, आणि गुंडाळलेल्या तारांत फॉस्फर-ब्राँझ पसंत करणं, या तीन गोष्टींनी माझ्या तारा जवळजवळ दुप्पट टिकल्या. गणपतीच्या आठवडाभर आधी नवा संच घालावा, आदल्या दिवशी नव्हे. नवी तार चार-पाच दिवस उतरत राहते, आणि बारीच्या मध्यात उतरलेला सा कोणालाच लपवता येत नाही.

ऋण मानायचं ते पेणच्या त्या भजनी मंडळींचं, ज्यांनी तुटलेल्या तारेच्या वादकाला पुढच्या वर्षीही बोलावलं. मिरजेच्या गल्लीतल्या कारागिरांचं, ज्यांनी रिळांवरचे नंबर मला हातात धरून वाचायला शिकवले. आणि माझ्या विद्यार्थ्यांचं, ज्यांनी या तक्त्यांतल्या चुका आपल्या तारा तोडून दाखवून दिल्या. पुढच्या गणपतीत त्या बुवांची पट्टी एका स्वराने उतरलेली होती. वय झालं, असं त्यांनीच सांगितलं. मी पाठीमागे बसून शांतपणे सगळं वाद्य जीवर आणलं, तिसऱ्या तारेवर सा धरला आणि त्यांच्या 'सा'ची वाट पाहिली.

रोहा
कार्तिकी एकादशी